राखणदाराची तहान

एप्रिलचा पहिला आठवडा, दुपारचे दीड, फ्नोम पेन्हच्या पश्चिमेला चार नंबरच्या महामार्गावरचा जाकिटांचा कारखाना, सात नंबरची रांग. थियारी नावाची बाई चेन शिवता शिवता मशीनवर कपाळ टेकून पडली.

पडली, आणि लोक काय म्हणाले? थकली असेल. जागरण झालं असेल. सकाळी भात खाल्ला नसेल. एकीने तर, तुम्हाला सांगतो, नवऱ्याशी भांडली असेल असंही ठोकून दिलं, आणि थियारीचा नवरा गेली तीन वर्षं थायलंडात मासेमारीच्या बोटीवर, भांडायला निदान फोन तरी लागायला नको का... अहो, डोक्यावर पत्रा, पत्र्याखाली तीनशे मशिनं, कडेला इस्त्रीची वाफ, बाहेर ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरी येतं, आणि त्या भट्टीत बसून या बायका शिवतात काय? बर्फात घालायची जाकिटं! रजईसारखी जाड, टोपीला केसाळ झालर, आणि ती मांडीवर घेऊन शिवायची. थंडी तिकडच्यांची, घाम इकडचा. आणि ज्या देहातून सकाळपासून बादलीभर घाम गेलाय त्या देहात पाणी किती गेलं होतं, हे विचारायचं त्या तीनशेंत कोणाला सुचलं नाही.

थियारी आमच्या मागच्या चाळीत राहते. तिच्याबरोबर आणखी तिघी त्याच खोलीत. पाणी ती का पीत नव्हती? तोंडाला लावायला मिळालं तर पिणार ना! पहाटे ट्रक येतो. उघडा ट्रक, त्यात बायका उभ्या, काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या, सव्वा तास. मध्ये थांबणं नाही. म्हणून घरून निघताना घोटभरच प्यायचं. कारखान्यात बाटली न्यायची नाही, जाकिटावर डाग पडेल; आतला नळ एकच, तोही संडासात. आणि संडासाला जायचं तर फळी लागते. फळी म्हणजे लाकडाची, हातभर लांब, लाल रंग दिलेली, मुकादमाच्या टेबलाला खिळ्यावर टांगलेली. ती हातात असेल तरच संडासावरचा पहारेकरी आत सोडतो. रांगेत बायका चाळीस, फळी एक. एक जण गेली की बाकीच्या एकोणचाळीस जणींनी मांड्या आवळून जाकिटं शिवायची.

बरं, याच्यावर कडी ऐका. जी बाई महिन्यात सगळ्यात कमी वेळा फळी घेईल तिला बक्षीस. काय बक्षीस? पाण्याची बाटली. स्टीलची, चकचकीत, वर कारखान्याचं नाव. थियारीकडे अशा तीन आहेत. फळीवर ठेवल्यात ओळीने... घरातल्या फळीवर हो, मांडणीच्या! तिला त्याचा अभिमान होता. कोणी पाहुणी आली की दाखवायची. आता बोला.

तर ती पडली. उचलून आजारी बायकांच्या खोलीत नेली. तिथल्या नर्सबाईंकडे सगळ्या रोगांवर एक पांढरी गोळी आहे. डोकं दुखतंय, गोळी. पोट दुखतंय, गोळी. चक्कर आली, गोळी. थियारी ती गोळी वर्षभर रोज एक, कधी दोन खात होती, कारण डोकं रोजच दुखायचं. त्या दिवशी दोन दिल्या आणि अर्ध्या तासात मशीनवर परत बसवलं. गोळी गिळायला पाणी किती? बाटलीच्या बुचाइतकं. मोजून.

संध्याकाळी झाडूवाल्या सारून मावशींनी तिला पालथी घातली आणि बाम लावून पैशाच्या नाण्याने पाठ खरवडली. आमच्याकडे ताप आला, खरवडा. वारा बसला, खरवडा. प्रेमभंग झाला तरी खरवडतील. मानेपासून कमरेपर्यंत लाल पट्टे उठले, वाघीण झाली नुसती. मावशी म्हणाल्या, बघ किती काळं रक्त वर आलं, वारा बसला होता. सगळं मिळालं, तुम्हाला सांगतो. गोळी मिळाली, बाम मिळाला, पट्टे मिळाले. पाणी तेवढं नाही.

पण कमरेतली कळ जाईना. आणि लघवीचा रंग, माफ करा पण सांगायलाच हवं, माशाच्या सॉससारखा, गडद तपकिरी. आणि तीही थेंब थेंब, जळजळत. रविवारी ती घाबरून सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टर केओ म्हणून बाई आहेत, तोंडाच्या फटकळ. त्यांनी पाठ बघितली आणि विचारलं, "हे कोणी केलं? भांडण झालं का?" मग रक्त घेतलं, लघवी घेतली, दुपारी कागद आला, तो वाचून बाईंनी चष्मा काढला.

बाई म्हणाल्या, "दोन किडन्या म्हणजे दोन धोबिणी, पोरी. दिवसभर रक्त धुतात. तू त्यांना धुणं दिलंस पोतंभर आणि पाणी दिलंस वाटीभर. कोरडं घासून घासून हात सोलून निघालेत त्यांचे."

थियारीने विचारलं, गोळी तर रोज घेते ना मी.

"हो ना. पाणी आधीच कमी, आणि वर त्या गोळीने धोबिणीच्या नळाची तोटी आवळलीस. छान केलंस. ती गोळी आजपासून बंद."

मग बाई जरा निवळल्या. म्हणाल्या, अजून गेलेलं नाही सगळं. सकाळपासून रात्रीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा, लागली की लगेच जा, दाबून धरू नकोस, महिन्याने परत तपासू. भरून येईल बहुतेक. पण असंच चालू राहिलं तर जे ओरखडे पडलेत ते कायमचे होतील, आणि मग मशीनला नळ्या लावून रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा शहरात. "तुझं गाव कुठलं?" प्रे वेंग प्रांताच्या आतलं कुठलंतरी खेडं. बाईंनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. त्या खेड्यात थियारीची सात वर्षांची मुलगी आजीजवळ असते, आणि दोघींचं पोट या एका मशीनवर चालतं. म्हणजे थियारीला हवं काय होतं? पगारवाढ नको, बढती नको, पंखासुद्धा नको. महिनाभर पाणी. आणि ते बाहेर टाकायला जागा. एवढंच.

सोमवारी ती मुकादमाकडे गेली. वुथी त्याचं नाव, वाईट माणूस नाही, भित्रा आहे. तो म्हणाला, "ताई, तुला जास्त वेळा फळी दिली तर बाकीच्या मला फाडून खातील. नर्सबाईंची सही आण." नर्सबाईंनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, म्हणाल्या, हे सरकारी दवाखान्याचं आहे, आपल्याकडे चालत नाही. आणि मला सांग, जास्त पाणी प्यायलीस तर जास्त उठावं लागेल, जास्त उठलीस तर काम मागे पडेल, काम मागे पडलं की डोकं दुखेल. मग? असं म्हणून त्यांनी काय केलं असेल? बरोबर. गोळी पुढे केली.

त्याच आठवड्यात, आमच्या नववर्षाची सुट्टी तोंडावर, माल बोटीवर चढवायची घाई, रात्रपाळी जादा, एका दुपारी पाच नंबरच्या रांगेत एक पडली, तिला धरायला दुसरी उठली ती पडली, तिसरी... जोंधळ्याची ताटं आडवी व्हावीत तशा बायका आडव्या. आता तरी कोणाला काही समजेल की नाही? समजलं. सगळ्यांना एकदम समजलं. राखणदार कोपलाय! फाटकापाशी चिंचेखाली जागेच्या राखणदाराची देवळी आहे, खुराड्याएवढी, आणि कारखाना बांधताना म्हणे त्याला न विचारता शेजारचं झाड तोडलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. अकरा वर्षं गप्प बसलेला राखणदार नेमका उन्हाळ्यात, नेमका जादा पाळीच्या आठवड्यात कोपला, याचं कोणालाही नवल वाटलं नाही.

व्यवस्थापक लिन साहेब तैवानचे. हिशेबाचा पक्का माणूस, पण भुताखेताच्या बाबतीत आमच्यापेक्षा दोन पावलं पुढे. त्यांनी लगेच भिक्खू बोलावले. बायकांना मशिनं बंद करून ओळीने बसवलं, भिक्खूंनी मंत्र म्हटले आणि मोगऱ्याच्या फुलांचं पाणी ओंजळीओंजळीने त्यांच्यावर फेकलं. थियारी सांगते, तिच्या पुढच्या दोघी चक्क आ वासून बसल्या होत्या. चिमण्यांच्या पिलांसारख्या. एखादा थेंब तरी आत पडावा म्हणून. भिक्खूंचा नेम चांगला, सगळं डोक्यावर. केस भिजले, कपडे भिजले, मंत्रांनी हवा भारली... घसा कोरडा. आशीर्वाद मिळाला. पाणी तेवढं नाही.

दुसऱ्या दिवशी थियारी पुन्हा पडली. या वेळी पूर्ण शुद्ध हरपली नाही. जमिनीवर होती, डोळे मिटलेले, कानात पाण्याचा आवाज, आणि तोंडून कसाबसा शब्द निघाला, पाणी. जीभ सुकून लाकूड झालेली, त्यामुळे आवाज निघाला घोगरा, पुरुषासारखा. सारून मावशींच्या हातातला झाडू गळाला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आला. राखणदार आला."

झालं. सगळी रांग गुडघ्यावर. थियारीने डोळे किलकिले केले तर वुथी मुकादम जमिनीला कपाळ लावून, नर्सबाई हात जोडून, आणि हातभर अंतरावर लिन साहेब स्वतः, इस्त्रीच्या विजारीत, गुडघ्यावर! शेजारी त्यांची दुभाषी, एक तरुण पोरगी, तीही गुडघ्यावर. थियारीला खरं सांगायचं होतं, की बाबांनो, मीच आहे, मला घेरी आली होती. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या मनात आलं, थियारी तर रोजच बोलते. नर्सशी बोलली, मुकादमाशी बोलली, कागद दाखवला. थियारीचं कोणी ऐकलं? मग आज जो बोलतोय त्यालाच बोलू दे की.

तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "अरे लिन."

सगळा कारखाना गार. दुभाषीने भाषांतर केलं, आदरणीय साहेब.

"तू दिवसातून किती वेळा मुतायला जातोस रे?"

दुभाषी म्हणाली, राखणदार आपल्या प्रकृतीची विचारपूस करताहेत. लिन साहेब तिला काहीतरी पुटपुटले, ती म्हणाली, साहेब म्हणतात कृपा आहे, चार-पाच वेळा.

बायकांच्या रांगेत कोणीतरी हसू दाबलं, ते खोकल्यावर गेलं. आणि मग थियारीने मागितलं. आता राखणदार मागतो तो स्वतःसाठी मागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. दारू दे, कोंबडी दे, माझं घर शाकार. बायकांचं गाऱ्हाणं घेऊन आलेला राखणदार कोणी ऐकलाय? लगेच संशय आला असता. म्हणून तिने रीत पाळली, त्याच्याच नावाने मागितलं. म्हणाली, मी तहानलोय. मला थंड पाणी हवं, पिंपंच्या पिंपं, रोज. आणि संडास हवा, ज्याला दाराला पहारा नाही, जिथे फळी लागत नाही. तिला वाटलं, एकदा पाणी आवारात आलं की ते काय राखणदार पिणार आहे? पिणार आपणच.

लिन साहेबांनी सगळं कबूल केलं. जागच्या जागी. कामगार संघटनेने याच दोन मागण्या चार वर्षं लावून धरल्या होत्या, तीन बैठका झाल्या होत्या, एकदा पोलीस आले होते. राखणदाराला पाच मिनिटं लागली.

आणि खरंच, आठवडा उलटायच्या आत ट्रक आला. निळी पिंपं, नवीकोरी, गार पाण्याची, बर्फाची लादी वेगळी. बायका खिडक्यांना लटकून बघताहेत. वुथी हसतोय. थियारी रडतेय. ट्रक फाटकातून आत आला, वळला... आणि चिंचेखाली थांबला. पिंपं देवळीच्या दोन्ही बाजूंना मांडली. झेंडूच्या माळा घातल्या. पुढे भाजलेलं डुक्कर, केळीची फणी, तांदळाची दारू. आणि देवळीच्या मागे दोन गवंडी कामाला लागले. दहा दिवसांत संडास तयार! पांढऱ्या फरशा, वाहतं पाणी, आरसा, साबण. दाराला कुलूप नाही, पहारा नाही, फळी नाही. राखणदाराला. अहो, ज्याला देह नाही त्याला संडास, आणि ज्या तीनशे देहांना आहे त्यांना फळी!

तरी थियारीने आशा सोडली नव्हती. कारण रीत अशी की नैवेद्यासमोरची उदबत्ती विझली की राखणदाराचं पोट भरलं, उरलेलं माणसांनी खायचं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती चिंचेखाली जाऊन बसली, उदबत्तीकडे डोळे लावून. उदबत्ती बोटभर उरली. नखभर उरली. तेवढ्यात पहारेकरी पुढे झाला आणि त्याने जुनीवर नवी पेटवली.

"दादा, विझू दे की."

"नाही विझू देता येत, ताई. साहेबांचा हुकूम आहे. राखणदाराचं जेवण संपलं असं वाटायला नको म्हणाले, परत कोपेल." मग जरा ओशाळून म्हणाला, "मलासुद्धा तहान लागलीय."

बघा आता. बर्फाची लादी तिच्या डोळ्यांदेखत वितळतेय, पिंपाच्या अंगाला घाम सुटलाय, पिंपाला! आणि ही तीन हातांवर बसलीय, कमरेत कळ घेऊन. हिसकावून घ्यायचं होतं, म्हणाल तुम्ही. कोणी घेतलं नाही. तीनशेतल्या एकीनेही नाही. जळत्या उदबत्तीसमोरचं पाणी पिऊन घरी पोरांच्या अंगावर बला ओढवून घेणारी आई तुम्ही मला दाखवा. थियारीला तर पक्कं माहीत होतं ना की त्या दिवशी तिच्या अंगात कोणी आलं नव्हतं? माहीत होतं. तरी तिने हात लावला नाही. म्हणते, मी खोटं बोलले असेन, तो खोटा कशावरून?

मग तिने शेवटचा उपाय केला. वुथीला गाठून सांगून टाकलं की दादा, तो राखणदार नव्हता, मीच होते, पाणी आम्हाला हवंय, साहेबांना सांग. वुथी पांढराफटक पडला. म्हणाला, "म्हणजे साहेबांना अरे लिन म्हणालीस ती तू?"

थियारीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मशीनकडे बघितलं. प्रे वेंगच्या खेड्यातली दोन पोटं डोळ्यांसमोर आली.

"नाही," ती म्हणाली. "तो राखणदारच होता."

त्यानंतर एक पाहुणा आला, ज्या परक्या कंपनीसाठी जाकिटं शिवतात तिचा तपासनीस. गोरा, उंच, घामाघूम. गाडीतून उतरला तो थेट चिंचेखाली, दोन ग्लास थंड पाणी प्यायला, मागच्या संडासात जाऊन आला, साबणाचा वास बघितला, म्हणाला, इतकी स्वच्छ सोय मी या देशात कुठे पाहिली नाही. बायका खिडकीतून श्वास रोखून बघत होत्या, याचं आता काय होणार. काही झालं नाही. राखणदार परक्यांचं मनाला लावून घेत नाही. पाण्याची सोय उत्तम, असा शेरा मारून तो गेला, आणि बायकांनी ओठांवरून जीभ फिरवून मशिनं सुरू केली. सोय मिळाली. शाबासकी मिळाली. पाणी तेवढं नाही.

महिना झाल्यावर थियारी पुन्हा डॉक्टर केओंपुढे बसली. गोळी तिने खरंच बंद केली होती, घरी पहाटे आणि रात्री पोटभर पाणी पीत होती, पण मधले बारा तास तसेच कोरडे. बाईंनी कागद वाचला आणि या वेळी चष्मा काढला नाही. म्हणाल्या, तुला सांगितलं होतं ना पाणी पी म्हणून.

थियारी म्हणाली, "पाणी आलं होतं, डॉक्टर."

पुढे काय सांगणार? राखणदाराला आलं होतं, म्हणून सांगणार? बाईंनी तिला सांगितलं की जे गेलं ते गेलं, धुण्याचं निम्म्याहून जास्त काम आता होत नाही, उरलेलं जपायचं. मग विचारलं, रांगेत अशा किती बसता. चाळीस. सगळ्या तुझ्यासारख्याच, पाण्याशिवाय? थियारीला प्रश्न कळलाच नाही. म्हणाली, वेगळ्या कशा असतील?

मी कामगार खात्यात विचारलं तर ते म्हणाले, पाणी दिलेलं आहे, ते देवळीपाशी आहे, देवळीचा विषय धर्मखात्याचा. धर्मखात्यात विचारलं तर ते म्हणाले, राखणदाराची काही तक्रार नाही. लिन साहेबांना विचारलं तर त्यांनी हात जोडले आणि चिंचेकडे बोट दाखवलं. आता मीही कोणाला विचारत नाही. चिंचेखाली उदबत्ती जळतेच आहे, आणि थियारी हल्ली फळी क्वचितच मागते, मुकादम तिच्यावर खूश आहे.

सात नंबरच्या रांगेत चाळीस बायका बसतात. रक्त तपासलंय एकीचं.